मोकळा वार

"नवे बूट घालून डोंगर चढू नये," असं भिंगरीनं गेल्या बारा वर्षांत निदान वीस वेळा लिहिलं असेल. "आधी आठ दिवस घरात घाला. भाजी निवडताना घाला, कपडे वाळत टाकताना घाला, शेजारीण हसली तर हसू द्या. घरात आलेला फोड माहेरचा असतो, डोंगरावर आलेला सासरचा. त्याचं निमूट ऐकूनच घ्यावं लागतं."

लोकांना असलं वाचायला आवडे. शनिवारच्या पुरवणीत तिचं सदर यायचं, 'गर्दी चुकवा' नावाचं. धबधब्यावर कधी जावं, गडाची वाट कुठल्या बाजूनं धरावी, पाणी अर्धं संपलं की मागे का फिरावं, कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीच्या तळाशी का असावा, असल्या गोष्टी ती लिहायची. पण सदराचा जीव होता तो गर्दी चुकवण्यात. सगळे न्याहारी करत असतात तेव्हा तुमचा अर्धा डोंगर मागे पडलेला पाहिजे. सगळे ज्या टोकाकडून चालतात त्याच्या उलट टोकाकडून चाला. पाऊस थांबल्यावरचा पहिला तास फक्त शहाण्यांचा असतो, कारण बाकीचे अजून छत्री झटकत असतात. लोक हे कात्रण कापून ठेवत. दवाखान्यात, बँकेच्या रांगेत कोणीतरी ओळखायचंच. "तुम्हीच ना त्या गर्दी चुकवणाऱ्या?" आणि त्या बोलण्यानं आणखी चारजण गोळा व्हायचे.

भिंगरी हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. ते ताईनं ठेवलेलं. लहानपणी एका जागी बूड टेकायची नाही म्हणून. आई लवकर गेली, तेव्हा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईनंच तिच्या वेण्या घातल्या, तिच्या फ्रॉकची शिवण उसवून लांबी वाढवली, गणित चुकलं की कान धरला. आता भिंगरीची चाळिशी उलटली होती, चष्म्याला दोरी लागली होती, तरी त्या नावानं तिला हाक मारणारी माणसं जगात दोनच उरली होती. एक ताई आणि दुसरे भावोजी.

भावोजी नावाडी होते. शहरापासून दोन तासांवर एक मोठं तळं होतं आणि तळ्यापलीकडे डोंगर. डोंगराची पायवाट पलीकडच्या काठावरून सुरू व्हायची. रस्त्यानं वळसा घालून तिथं पोचायला तीन तास लागत, होडीनं वीस मिनिटं. होडी एकच, भावोजींची, बारा माणसांची. त्यामुळे डोंगर बघायला आलेला प्रत्येक माणूस आधी भावोजींच्या धक्क्यावर उभा राहायचा, आणि धक्क्यावर उभा राहिला की ताईच्या तावडीत सापडायचा.

काय तो आवाज होता ताईचा! धक्क्याच्या फळीवर उभी राहून ती माणसं रांगेत लावायची, जाडजूड माणसाला मध्ये बसवायची, भांडखोर नवराबायकोला होडीच्या दोन टोकांना पाठवायची. तेही साधं सांगून नाही, गाऊन.

"मागच्याने पुढे नको, पुढच्याने मागे,
होडी माझी जाईल बाई, बसाल तशी वागे."

लोक हसायचे आणि मुकाट्यानं जागेवर बसायचे. ही कडवी तिला कोणी शिकवली नव्हती. तोंड उघडलं की यमक तयार असायचं. भावोजी म्हणायचे, "मी वल्हं मारतो ते हिच्या ठेक्यावर. ही गप्प बसली तर होडी गोल फिरेल."

आणि ताई गप्प बसली.

होडीतल्या बसायच्या गाद्यांना खोळी शिवता शिवता एका सकाळी ती मशिनवर वाकली ती वाकलीच. डोक्यात रक्ताची गुठळी झाली होती. उजवा हात महिनाभरानं पुन्हा धरू-सोडू लागला, पाय चालू लागला, पण बोलणं परत आलं नाही. सगळं कळायचं. डोळ्यांतून कळायचं की कळतंय. सांगायला गेली की ओठ शब्दाभोवती नुसते फिरत राहायचे, जसं कुलुपात चुकीची किल्ली फिरावी. मग ती मान वळवून घ्यायची. धक्क्यावर तर येईचना. ज्या लोकांना तिनं वर्षानुवर्षं गाऊन बसवलं, त्यांच्यासमोर मुकी उभी राहणं तिला मरणाहून जड जात होतं.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई समजूतदार होत्या. त्यांनी भावोजींना बाजूला घेऊन सांगितलं, "बोलणं अडलं तरी गाणं कधी कधी सुटतं. त्याचा डोक्यातला रस्ता वेगळा आहे. यांना शांत जागी नेत जा, कोणी बघत नसेल अशा. घाई करू नका, पण उशीरही करू नका. पहिल्या वर्षात येतं ते भरभर येतं. नंतर अगदी येतच नाही असं नाही, पण फार कमी येतं."

भावोजींनी वर्ष मोजायला घेतलं आणि वार शोधायला घेतला. शनिवार-रविवार जत्रा लोटायची. सोमवारी सुट्टीला शेपूट जोडून आलेले. बुधवार-गुरुवार शाळांच्या सहली. शुक्रवारी शनिवारची गर्दी टाळायला आलेल्यांचीच गर्दी. उरला मंगळवार. मंगळवारी तळ्यावर चिटपाखरू नसायचं. भावोजींनी धक्क्यावर 'दुरुस्ती' अशी पाटी लटकवली आणि दर मंगळवारी ताईला होडीत बसवून काठाकाठानं त्या जागी न्यायला लागले, जिथं काठ आत वळतो आणि लव्हाळ्यांच्या मधोमध खोलीएवढी मोकळी जागा आहे. त्या जागेला ते खोबण म्हणत.

पहिले पाच मंगळवार ती नुसती पाण्यात हात सोडून बसली. सहाव्या मंगळवारी गुणगुणली. भावोजींनी लगेच भिंगरीला फोन केला. "अगं, शब्द नाहीत अजून. पण चाल आहे! चाल तर पक्की आहे!" मग 'पाणी' आलं. मग 'गार'. मग एका मंगळवारी ताईनं भावोजींच्या टोपीकडे बोट करून 'कावळा' म्हटलं आणि दोघं इतकी हसली की होडी कलंडायला आली.

सातव्या महिन्यात त्यांचा पुन्हा फोन आला. "भिंगरे, तुझं नाव यायला लागलंय. काल म्हणाली, 'भिं.' मी म्हटलं, पुढे? तर पुन्हा 'भिं.' गरी वाटेत आहे. तू येत्या मंगळवारी ये. तुला बघून गरीपण येईल."

भिंगरी गेली. नऊ वाजता होडी खोबणीत शिरली, तेव्हा लव्हाळ्यांवर धुकं बसलं होतं आणि एक पाणकोंबडी पिलांना घेऊन, कोणाचीही फिकीर नसल्यासारखी, होडीच्या नाकासमोरून गेली. भावोजींनी वल्हं आत घेतलं. बऱ्याच वेळानं ताईनं पाण्यात बोटं बुडवली आणि खालच्या पट्टीत, अडखळत, पण अडखळलेल्या जागी परत येऊन ती गायली.

"पाणी बाई पाणी, पाण्याला नाही दार,
ज्याची त्याची ओंजळ, ज्याचा त्याचा भार."

जुनं नव्हतं ते. तिथंच झालेलं होतं. भावोजी दुसरीकडे बघत नाक पुसत होते. ताईनं मग भिंगरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला, ओठ मिटून उघडले आणि म्हणाली, "भिं." आणि थांबली. आणि "भिं," पुन्हा. तिच्या कपाळावर घाम आला. भिंगरीच्या अगदी जिभेवर आलं होतं, पण भावोजींनी हळूच हात वर केला. पुरवू नकोस. तिचं तिला सापडू दे.

"पुढच्या वेळी," भावोजी म्हणाले. "घाई नाही. मंगळवार काय, दर आठवड्याला येतो."

भिंगरी घरी पोचली ती तरंगत. त्याच संध्याकाळी पुरवणीवाल्या बाईंचा फोन.

"अगं, तुझ्या लेखाची जागा रिकामी आहे. आणि ते मोज्यांचं पुन्हा नको हं. काहीतरी दे, कोणाला माहीत नाही असं."

तिचं मन काठोकाठ भरलेलं होतं. ती लिहायला बसली आणि दोन तासांत उठली. बारा वर्षांत तिच्या हातून इतकं चांगलं काही उतरलं नव्हतं, हे तिला लिहितानाच कळत होतं. धुकं आलं, पाणकोंबडी आली, वल्ह्यावरून पाणी निथळल्याचा आवाज आला. अर्थात ती कच्च्या गुरूची चेली नव्हती. कुठं काय झाकायचं हे तिला ठाऊक होतं. ताईचं नाव काढलं नाही. भावोजींचं काढलं नाही. खोबणीबद्दल तर एक अक्षर नाही, ती कुठल्या बाजूला आहे याचा वाससुद्धा नाही. तळ्याचं लिहिलं, पण तळं तर सगळ्यांना माहीतच होतं. आणि शेवटी, सवयीनं, चौकटीत, ठळक अक्षरात, वाचकाला हाती द्यायची ती किल्ली दिली: 'मंगळवारी जा. मंगळवारी तिथं चिटपाखरू नसतं.'

जागा झाकली आणि वार उघडा टाकला. तिच्या मनाला ते शिवलंही नाही. बारा वर्षं ती जागा लपवायला शिकली होती. वारसुद्धा कोणाचा असू शकतो, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

लेख छापून आल्यावर पत्रांचा पाऊस पडला. पुरवणीवाल्या बाई म्हणाल्या, "बघ, मोजे सोडलेस तर कशी फुललीस!" लोक एकमेकांना लेख पाठवत होते. भावोजींचा मात्र फोन आला नाही. एक आठवडा नाही, दोन आठवडे नाही. तिसऱ्या आठवड्यात तिनंच केला.

"कसं चाललंय?"

"चाललंय," भावोजी म्हणाले.

"ताई?"

"बरी आहे. झोपलीय आत्ता."

"मंगळवारी काय म्हणाली?"

"या मंगळवारी गेलो नाही गं. माणसं होती."

"पाटी लावा ना दुरुस्तीची."

"लावली होती. पण होड्यांना परवाने देणाऱ्या कार्यालयाचा नियम आहे. धक्क्यावर दहा डोकी दिसली की होडी सोडलीच पाहिजे, नाहीतर परवाना जातो. दहा कसली, साठ होती. एकानं पाटीखाली उभं राहून फोटोपण काढला." मग सहज, जसं काही हवापाण्याचं बोलतायत तसं, "कुठंतरी छापून आलंय म्हणे, मंगळवारी मोकळं असतं म्हणून."

भिंगरीनं पुढ्यातलं कात्रण उपडं करून ठेवलं.

त्यांना माहीत होतं का? असणारच. तिचा प्रत्येक लेख ते ताईला वाचून दाखवायचे, आजारपणानंतर तर बोट ठेवून, शब्द शब्द सुटा करून. पण ते काही म्हणाले नाहीत. त्यांनी एक शिवी हासडली असती, "काय केलंस हे, भवाने," एवढं जरी म्हटलं असतं, तरी तिला रडायला जागा मिळाली असती. त्यांनी ती जागाही दिली नाही. "तू जप," म्हणाले आणि फोन ठेवला.

दुसऱ्याच मंगळवारी ती पहिली बस धरून गेली. लांबूनच दिसलं. धक्क्यापासून वडाच्या झाडापर्यंत रांग. रंगीबेरंगी पिशव्या, काठ्या, नवे कोरे बूट. भावोजी होडीत माणसं भरत होते, रांगेचं सांगायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच खेकसत होते. खेकसणं त्यांना जमत नव्हतं. घराची तळ्याकडची खिडकी लावलेली होती. आत ताई पलंगाच्या कडेला बाहेर जायची साडी नेसून, चप्पल घालून बसली होती. वार तिला कळत होता. भिंगरीला बघून तिचा चेहरा उजळला, तिनं दाराकडे बोट केलं, पाण्याकडे केलं. बाहेर कोणीतरी खिदळलं. बोट खाली आलं.

"मी बघते काहीतरी, ताई," भिंगरी म्हणाली. "गर्दी चुकवणं हेच तर माझं काम."

आणि ती खरंच कामाला लागली. पुढचे दोन महिने तिनं दुसरं काही केलं नाही. सगळी विद्या पणाला लावली. एवढ्या लोकांना सांगितलं, तर एका ताईसाठी काय अवघड?

आधी पहाट. बुधवारी साडेपाचला ताईला शालीत गुंडाळून धक्क्यावर आणलं, तर तिथं आधीच अकराजण, हातात वाफाळते थर्मास. त्यातला चष्मेवाला मोठ्या मायेनं म्हणाला, "या, या! तुम्हीपण वाचलंत वाटतं? सगळे न्याहारी करत असतात तेव्हा आपण..." वाक्य त्याला पाठ होतं. भिंगरीनं शालीचा पदर स्वतःच्याच तोंडावर ओढला.

मग उलटी बाजू. होडी सोडून तिघं रस्त्यानं वळसा घालत तीन तास हादरे खात पलीकडच्या काठावर गेली, डोंगराच्या मागच्या फाटकाशी. तिथं वाहनं उभी करायला जागा नव्हती. एक बाई मुलांना सांगत होत्या, "उलट्या टोकाकडून चालायचं असतं. पुढून सगळी मूर्ख माणसं येतात."

मग पाऊस. पाऊस धो धो पडला, थांबला, आणि भावोजींनी बाहेर डोकावून बघितलं, तर झाडाखालून रेनकोटवाले एकामागून एक निघत होते, बिळातून खेकडे निघावेत तसे. "पहिला तास!" एकजण ओरडला. "पहिला तास शहाण्यांचा!"

भावोजी दारात उभे राहिले आणि त्यांना हसू फुटलं. "भिंगरे," ते म्हणाले, "एखादी तरी युक्ती घरच्यांसाठी ठेवायचीस."

ते चेष्टेनं म्हणाले. त्यांचा स्वभावच तसा. पण भिंगरी भिंतीला पाठ लावून खाली बसली, कारण ते खरं होतं. तिनं मनातल्या मनात सगळे लेख उलगडून बघितले. एकेक निवांत जागा, एकेक निवांत वेळ, बोटानं दाखवून दिलेली. शांतता जिथं जिथं सापडली तिथं तिथं तिनं दारावर पाटी लावली होती, की इथं शांतता आहे.

ताईनं मंगळवारी चप्पल घालून बसणं आठव्या आठवड्यात सोडलं. 'गार' गेलं. 'कावळा' कधी यायचा, कधी नाही. 'भिं' म्हणायला ती तोंड उघडायची आणि बाहेर दार वाजलं की मिटायची.

वर्ष संपलं तो दिवस कोणी बोलून दाखवला नाही. भावोजींनी भिंतीवरची तारखेची चकती फिरवली आणि थोडा वेळ तिच्यापुढे उभे राहिले, एवढंच.

त्यानंतर ऐन उन्हाळ्यात, एका मंगळवारी, भिंगरीला ती वेळ सापडली. तिनं कधीच न सांगितलेली, कारण कोणत्याही शहाण्या माणसाला सांगण्यासारखी ती नव्हतीच. भर दुपार, दीडचा सुमार. उन्हानं पाणी पांढरं पडलेलं, वारा मेलेला, अंगाला डसणाऱ्या माश्या. सकाळचे लोक पलीकडे डोंगरावर गेले होते, चार वाजल्याशिवाय खाली उतरणार नव्हते. अलीकडचा धक्का रिकामा. तिनं भावोजींना हलवून उठवलं. "आत्ता. आत्ताच चला."

ताईच्या डोक्यावर ओला रुमाल टाकला, छत्री धरली, आणि होडी निघाली. खोबणीत शिरताना भावोजींनी वल्हं जरा हळू केलं. लव्हाळी मधोमध तुडवलेली होती. कोणीतरी काठावर दगडांची चूल मांडून सोडून गेलं होतं. पाण्यावर एक प्लास्टिकची बाटली उभी तरंगत होती, झाकण लावलेली. पण आवाज नव्हता. कुठंच नव्हता. खरीखुरी, जड, दुपारची शांतता, सहा महिन्यांनी.

तिघं बसून राहिली.

भावोजींनी हळूच चाल धरली, शब्दांशिवाय. पाण्याला नाही दार, तीच. एकदा म्हटली, दोनदा म्हटली. ताईनं मान डोलावली. तिचे डोळे मिटले, उघडले. भावोजी थांबून वाट बघू लागले. भिंगरीनंही पाहिली. ताईला आवडत होतं ते, दिसत होतं. पण दुसऱ्याचं गाणं आवडावं तसं. तिनं भावोजींच्या गुडघ्यावर थोपटलं, छान म्हटलंत अशा अर्थी.

भावोजी पाण्याकडे बघत म्हणाले, "येईल एखाद वेळेस. त्या बाई म्हणाल्या होत्या, येतच नाही असं नाही." त्यांनी माशी मारल्यासारखं करून डोळ्यावरून हात फिरवला.

तेव्हा भिंगरी बोलली. सहा महिने दाबून ठेवलेलं.

"ताई, वार मी सांगितला. कात्रणातला मंगळवार माझा होता. तू गायलीस त्याच संध्याकाळी मी लिहिलं. मला इतका आनंद झाला होता गं. मला वाटलं, मी काहीच सांगितलं नाही. तुझं नाव नाही, ही जागा नाही. वार काय, वार सगळ्यांचाच असतो असं वाटलं. तो तुझा होता. मी तुझा वार लोकांना देऊन टाकला."

ताई ऐकत होती. सगळं ऐकलं. तिच्या कपाळावर आठी आली आणि गेली. भिंगरीला वाटलं, आता ती मान वळवून घेईल. घेऊ दे. रागावू दे. एखादा शब्द रागाचा तरी येऊ दे. ताईनं छत्रीचा दांडा भिंगरीच्या हातात दिला, पदरानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जोरात, नाक लाल होईपर्यंत. आणि काहीच म्हणाली नाही. म्हणायचं नव्हतं म्हणून, की म्हणता येत नव्हतं म्हणून, हे आता भिंगरीला जन्मात कळणार नव्हतं. माफ केलं असलं तरी तिला ते कधी ऐकू येणार नव्हतं.

लांबून शिट्टी ऐकू आली. मग हाका. तिघांनी माना वळवल्या. पलीकडच्या काठावर ठिपके जमायला लागले होते. ऊन सोसलं नाही म्हणून लवकर उतरलेले. पाच, आठ, बारा.

भावोजी हलले नाहीत. "थांबू दे त्यांना."

पण ताई उभी राहिली. होडी डुलली तसा भिंगरीनं तिच्या कमरेला हात घातला. वर्षभर ज्या लोकांना बघून ती खिडकी लावून घेत होती, त्यांच्याकडे तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि दुसरा हात वर करून हलवला. मोठा, धक्क्यावरचा, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही दिसेल असा. तोंड मात्र मिटलेलं होतं.

पलीकडून आनंदाची आरोळी आली. त्यांना वाटलं, होडी येतेय.

"झालं," भावोजी म्हणाले. "आता जावंच लागणार." त्यांनी वल्हं पाण्यात घातलं आणि खोबणीतून होडी बाहेर काढली. ठेका धरायला कोणी नव्हतं, म्हणून ते मनातल्या मनात आकडे मोजत वल्हवत होते. एक, दोन. एक, दोन. काठ जवळ आला. माणसं ओळखू येऊ लागली, त्यांचे भाजलेले चेहरे, त्यांच्या नव्या बुटांनी लंगडणारे पाय. ताई अजून हात हलवत होती. ती हसत होती, आणि लोक तिच्याकडे बघून हसत होते, आणि पुढे उभी असलेली एक मुलगी मैत्रिणीला कोपर मारून म्हणाली, "अगं, ती छत्रीवाली बघ. गर्दी चुकवा! तीच ना ती?"

भिंगरीनं ताईची कमर सोडली नाही. होडी काठाला लागेपर्यंत सोडली नाही. मग तीच उठून फळीवर उतरली, दोर खुंटीला गुंडाळला आणि कुठलंही यमक न जुळवता, लोकांना म्हणाली, "जाड माणसांनी मध्ये बसा. एकेक जण या. ढकलू नका."